उसन्या विशेषणाचा माग: ‘फाइन’ हा शब्द जर्मानिक भाषांत कसा तपासावा

पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युल्लर भवनात जर्मन शिकू लागलेल्या मराठी माणसाला पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक छळतात ते विशेषणांचे प्रत्यय. पुढे तोच माणूस डच किंवा स्वीडिश भाषेकडे वळला की त्याला ओळखीचे शब्द भेटू लागतात, पण त्यांचे प्रत्यय मात्र प्रत्येक भाषेत वेगळे असतात. अशा नवशिक्या वाचकासाठी हा लेख आहे. एकच विशेषण घ्यावे, ते मुळात परक्या भाषेतून आलेले असावे आणि जर्मानिक कुळातील शक्य तितक्या भाषांत त्याची रूपे कशी होतात हे टप्प्याटप्प्याने तपासावे, अशी ही पद्धत आहे. उदाहरणासाठी इंग्रजीत ‘फाइन’ म्हणून सर्वांना माहीत असलेला शब्द घेतला आहे, कारण तो या कुळातील जवळजवळ प्रत्येक भाषेत पोहोचला आहे आणि त्याची कुंडली पुरेशी स्पष्ट आहे.

कामाला लागण्यापूर्वी एक तत्त्व लक्षात ठेवावे, कारण पुढील सर्व पायऱ्या त्यावर उभ्या आहेत. विशेषण उसने घेताना भाषा त्याचे अंग, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वीचे मूळ रूप, घेते, प्रत्यय घेत नाही. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाला स्वतःची लिंगवचनानुसार रूपे होती, परंतु त्यांपैकी एकही प्रत्यय जर्मन, डच किंवा आइसलँडिक भाषेने स्वीकारला नाही, आणि प्रत्येकीने आपापले प्रत्यय त्या अंगाला जोडले. म्हणून शब्दाच्या अंगातील ध्वनी तो केव्हा आला हे सांगतात आणि त्याचे प्रत्यय तो नव्या घरात कितपत मुरला हे सांगतात. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की निष्कर्ष चुकतात.

परकीय शब्द येथे उच्चाराच्या जवळपास देवनागरीत लिहिले आहेत. जर्मनमधील प्रत्यय मात्र ओळखता यावेत म्हणून काही ठिकाणी लेखनाला धरून दाखवले आहेत.

पहिली पायरी: शब्द उसनाच आहे याची खात्री करावी

दोन भाषांतील शब्द सारखे दिसले म्हणजे एकीने दुसरीकडून घेतले, असे होत नाही, कारण दोघींनाही तो एकाच पूर्वज भाषेकडून वारशाने मिळालेला असू शकतो. हा फरक ओळखण्याचे साधन म्हणजे ध्वनिनियम. याकोप ग्रिम यांनी 1822 साली मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. लॅटिनमधील ‘प’ वारशाने आलेल्या जर्मानिक शब्दांत ‘फ’ होतो (लॅटिन ‘पातेर’, इंग्रजी ‘फादर’, आणि आपला संस्कृत ‘पितृ’), तर लॅटिनमध्ये शब्दाच्या आरंभी असलेल्या ‘फ’च्या जागी जर्मानिक भाषांत अनेकदा ‘ब’ दिसतो (लॅटिन ‘फ्रातेर’, इंग्रजी ‘ब्रदर’, जर्मन ‘ब्रूडर’). या दुसऱ्या मालिकेत संस्कृतमध्ये ‘भ’ असतो, म्हणून ‘भ्रातृ’ आणि त्यावरून आपला ‘भाऊ’. मराठी वाचकाला हा नियम लक्षात ठेवणे सोपे जावे, कारण त्याचा तिसरा कोपरा आपल्या घरातच आहे.

आता आपला शब्द या नियमाला लावून पाहावा. फ्रेंचमधील ‘फँ’ हे विशेषण लॅटिन ‘फीनिस’, म्हणजे शेवट किंवा सीमा, या नामाशी जोडलेले आहे. हा शब्द वारशाने आला असता तर जर्मानिक भाषांत त्याचा आरंभ ‘ब’ने किंवा अशाच दुसऱ्या ध्वनीने व्हायला हवा होता, ‘फ’ने नव्हे. प्रत्यक्षात जर्मन, डच, इंग्रजी, स्वीडिश अशा सर्वच भाषांत आरंभी ‘फ’ आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना तोच ध्वनी आहे. ज्या ठिकाणी नियमानुसार बदल अपेक्षित आहे तेथे तो नसणे, हा उसनेपणाचा सबळ पुरावा असतो.

डच भाषा याला आणखी एक दुजोरा देते. त्या भाषेत शब्दारंभीचा मूळ जर्मानिक ‘फ’ मृदू होऊन ‘व्ह’कडे झुकला आहे, म्हणून पिता, मासा आणि अग्नी यांसाठीचे डच शब्द ‘व्ही’ या अक्षराने लिहिले जातात. आपले विशेषण मात्र तेथे ‘फेइन’ असेच आहे आणि ‘एफ’ने लिहिले जाते. डच कोशातील ‘एफ’चा भाग चाळला तर त्यात बहुतांश परकीय शब्द दिसतात, ते याच कारणामुळे.

दुसरी पायरी: स्वर पाहून काळ ठरवावा

या पायरीवर घाई करू नये, कारण सर्वाधिक माहिती येथे मिळते. पुढील रूपे शेजारी शेजारी ठेवावीत: इंग्रजी ‘फाइन’, जर्मन ‘फाइन’, डच ‘फेइन’, स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन ‘फीन’. पहिल्या तीन भाषांत जोडस्वर आहे आणि उत्तरेकडील भाषांत दीर्घ ‘ई’ आहे. इंग्रजी आणि जर्मन उच्चार जवळजवळ एकच असल्यामुळे एकीने दुसरीकडून घेतले असावे, असा तर्क नवशिका सहज करतो, पण तो चुकीचा आहे. मूळ शब्दात दीर्घ ‘ई’ होती, आणि प्रत्येक भाषेने तिचे काय केले हे त्या त्या भाषेच्या स्वतःच्या इतिहासातून ठरले. जर्मनमध्ये दीर्घ ‘ई’चा ‘आइ’ होण्याची प्रक्रिया बाराव्या शतकाच्या सुमारास आग्नेयेकडील बोलींत सुरू होऊन पुढील काही शतकांत पसरली. इंग्रजीत असाच परिणाम घडवणारे ‘महास्वरपरिवर्तन’ पंधराव्या शतकाच्या सुमारास सुरू झाले, आणि डचने आपला जोडस्वर स्वतंत्रपणे घडवला. स्कँडिनेव्हियातील या तीन भाषांनी मात्र जुनी ‘ई’ टिकवली.

हे पडताळण्यासाठी एक देशी शब्द आणि एक फार जुना उसना शब्द सोबत ठेवावा. ‘माझा’ या अर्थाचा देशी शब्द इंग्रजीत ‘माइन’, जर्मनमध्ये ‘माइन’, डचमध्ये ‘मेइन’, स्वीडिशमध्ये ‘मिन’ (जुनी दीर्घ ‘ई’ तेथे पुढे ऱ्हस्व झाली) असा आहे. लॅटिन ‘वीनुम’वरून फार पूर्वी आलेला मद्यवाचक शब्द इंग्रजीत ‘वाइन’, जर्मनमध्ये ‘वाइन’, डचमध्ये ‘वेइन’, स्वीडिशमध्ये ‘वीन’ असा आहे. आपले विशेषण या दोघांच्या मागोमाग त्याच वाटेने चालते, यावरून ते स्वरबदल होण्यापूर्वीच या भाषांत शिरले होते हे सिद्ध होते. कोशांतील नोंदीही तेच सांगतात: जर्मनमध्ये ते 1200 च्या सुमारास आणि इंग्रजी व डचमध्ये तेराव्या शतकात लिखित स्वरूपात आढळते.

उशिरा आलेल्या शब्दांशी तुलना केली की चित्र पुरे होते. त्याच घराण्यातील ‘फिनेस’ हे फ्रेंच नाम जर्मनमध्ये अठराव्या शतकात आले आणि त्यात ‘इ’ तशीच राहिली, कारण तोवर बदलाची लाट ओसरून गेली होती. इंग्रजीतील ‘मशीन’ हा शब्दही असाच उशिरा आला, नाहीतर आज आपण ‘मशाइन’ म्हणत असतो.

याहून जुन्या उसन्या विशेषणासाठी दुसरी कसोटी लागते. जर्मन ‘कुर्त्स’ म्हणजे आखूड. हा शब्द लॅटिन ‘कुर्तुस’वरून आला. शब्दारंभीचा ‘क’ न बदलल्यामुळे तो उसना ठरतो, कारण वारशाने आलेल्या शब्दांत लॅटिन ‘क’च्या जागी ‘ह’ असतो (लॅटिन ‘कोर्नु’, इंग्रजी ‘हॉर्न’). मात्र त्याच्या शेवटच्या ‘त’चा ‘त्स’ झाला आहे, जसा इंग्रजी ‘टेन’च्या जागी जर्मनमध्ये ‘त्सेन’ दिसतो. हा व्यंजनबदल उच्च जर्मन, म्हणजे मध्य व दक्षिण जर्मनीकडील, बोलींत साधारण सहाव्या ते आठव्या शतकात झाला, म्हणून ‘कुर्त्स’ त्याआधीच आलेला असला पाहिजे. डच आणि स्वीडिशमध्ये तो बदल झालाच नाही, त्यामुळे तेथे हा शब्द ‘कोर्त’ असा आहे.

तिसरी पायरी: शब्द कोणत्या वाटेने आला ते पाहावे

‘शेवट’ या अर्थाच्या नामापासून ‘उत्तम’ या अर्थाचे विशेषण कसे झाले, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. फ्रेंचमध्ये या विशेषणाचा अर्थ ‘पराकोटीला पोहोचलेला, याहून पुढे शुद्ध करता येत नाही असा’ असा होता, आणि तो सोने, चांदी, कापड यांना लावला जाई. जर्मनमध्ये शुद्ध सोन्याला ‘फाइनगोल्ट’ आणि शुद्ध चांदीला ‘फाइनझिल्बर’ म्हणतात, त्यात हा जुना अर्थ अजून शाबूत आहे.

फ्रान्सकडून हा शब्द इंग्रजीत थेट गेला, कारण 1066 मधील नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या राज्यकर्त्या वर्गाची भाषा फ्रेंचच होती. जर्मन आणि डच प्रदेशांत तो दरबारी संस्कृती आणि व्यापार यांच्यासोबत आला. उत्तरेकडे मात्र तो मध्य निम्न जर्मनमार्गे गेला, म्हणजे हान्सा या व्यापारी संघातील ल्यूबेकसारख्या शहरांच्या भाषेमार्गे. बर्गेन, व्हिस्बी आणि स्टॉकहोम येथे हान्साच्या व्यापाऱ्यांचा मोठा वावर होता आणि स्कँडिनेव्हियन भाषांत त्यांच्या भाषेतील शब्द विपुल प्रमाणात आले. मध्य निम्न जर्मनने दीर्घ ‘ई’ मोडली नव्हती, म्हणून उत्तरेला ‘फीन’ हेच रूप पोहोचले. स्वीडिशमधील एखादे उसने विशेषण फ्रेंचमधून आले आहे असे वाटले, तरी मधला थांबा निम्न जर्मनचा होता का हे नेहमी तपासावे.

चौथी पायरी: रूपे मांडावीत, सोप्या भाषेकडून अवघड भाषेकडे

येथे एक कोरा कागद घ्यावा आणि प्रत्येक भाषेसाठी एक ओळ आखावी. आरंभ इंग्रजीपासून करावा, कारण तेथे लिंग, वचन किंवा विभक्ती यांनुसार काहीच बदलत नाही. लेखनातील शेवटचा ‘ई’ मूक आहे आणि आज तो कोणताही प्रत्यय नाही. आफ्रिकान्समध्येही व्याकरणिक लिंग उरलेले नाही, आणि हे विशेषण नामापूर्वी असो वा नंतर, ‘फेइन’ असेच राहते. दक्षिण आफ्रिकेतील केप प्रदेशातील बारीक पानांच्या झुडपांच्या वनस्पतिसृष्टीला ‘फेइनबॉस’ म्हणतात, त्यातील पूर्वपद हेच होय.

डचमध्ये दोन रूपे आहेत, ‘फेइन’ आणि ‘फेइने’. नामापूर्वी बहुतेक सर्वत्र ‘फेइने’ येते. अपवाद एकच, पण तो पक्का पाठ करावा: नाम नपुंसकलिंगी व एकवचनी असेल आणि त्याच्या आधी निश्चित उपपद (इंग्रजी ‘द’सारखा शब्द) नसेल, तर प्रत्यय लागत नाही. म्हणून ‘एन फेइने दाख’ (चांगला दिवस), परंतु ‘एन फेइन बूक’ (चांगले पुस्तक), आणि निश्चित उपपद आले की पुन्हा ‘हेत फेइने बूक’.

स्वीडिशमध्ये तीन रूपे आहेत: ‘फीन’, नपुंसकलिंगी ‘फीन्त’ आणि अनेकवचनी ‘फीना’. ‘एन फीन बील’ म्हणजे छान मोटार, ‘एत्त फीन्त हूस’ म्हणजे छान घर. निश्चित नामासोबत एकवचनातही ‘फीना’ येते. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये तिसरे रूप ‘फीने’ असे आहे, बाकीची रचना तीच. या भाषांत मराठी माणसाला एक दिलासा मिळतो, तो असा की विधिविशेषणही नामाप्रमाणे बदलते. ‘घर छान आहे’ यासाठी ‘हूसेत एर फीन्त’ आणि ‘घरे छान आहेत’ यासाठी ‘हूसेन एर फीना’ म्हणावे लागते. आपण ‘घर चांगले आहे, खोली चांगली आहे’ म्हणतो, त्याच सवयीने येथे काम भागते.

जर्मनमध्ये नेमकी हीच सवय आड येते. तेथे विधिविशेषणाला प्रत्यय लागतच नाही. मद्य असो, रेशीम असो वा कापड, वाक्याच्या शेवटी सर्वांसाठी ‘इस्ट फाइन’ एवढेच. नामापूर्वी मात्र मूळ रूपाला ए, एर, एस, एन आणि एम असे पाच प्रत्यय लागू शकतात. वर्गात यासाठी तीन तक्ते पाठ करायला दिले जातात, पण माझ्या मते तक्त्यांआधी त्यांच्यामागचा विचार समजून घ्यावा. तो असा: नामाचे लिंग, वचन आणि विभक्ती कोणीतरी स्पष्ट दाखवली पाहिजे. उपपद ती दाखवत असेल तर विशेषण ‘ए’ किंवा ‘एन’ एवढ्यावर भागवते, आणि उपपद नसेल किंवा मुके असेल तर ते काम विशेषणाला करावे लागते. ‘डेर फाइने वाइन’ यात ‘डेर’ पुल्लिंग सांगतो, म्हणून विशेषण हलके राहते. ‘आइन’ या उपपदावरून पुल्लिंग की नपुंसकलिंग हे कळत नाही, म्हणून ‘आइन फाइनर वाइन’ आणि ‘आइन फाइनेस टूख’ (तलम कापड) अशी भारदस्त रूपे येतात. चतुर्थी विभक्तीत ‘मिट फाइनेम टूख’, पण उपपद आले की ‘मिट डेम फाइनेन टूख’. या विचाराला एक अपवाद आहे: उपपद नसताना पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामाच्या षष्ठी एकवचनात अपेक्षित ‘एस’ऐवजी ‘एन’ येतो, कारण षष्ठीची खूण नामावरच असते.

यिद्दिश भाषेची रचना जर्मनसारखी असली तरी ती हिब्रू लिपीत लिहिली जाते. तेथील एक बारकावा आमच्या शब्दासाठी महत्त्वाचा आहे. पुल्लिंगी द्वितीया आणि चतुर्थीत सामान्यतः ‘न’ हा प्रत्यय लागतो, परंतु अंगाच्या शेवटी आधीच ‘न’ असेल तर दोन ‘न’ टाळण्यासाठी ‘एम’ लागतो. म्हणून तेथे ‘फाइनेम’ असे रूप होते, आणि जर्मनच्या नियमांनी त्याचा उलगडा करू पाहणारा माणूस गोंधळतो.

आइसलँडिक शेवटी ठेवावी आणि तिच्यासाठी वेगळा कागद घ्यावा. तीन लिंगे, दोन वचने, चार विभक्ती, शिवाय सबळ (अनिश्चित नामासोबतची) आणि दुर्बळ (निश्चित नामासोबतची) अशा दोन रूपमाला. सबळ रूपमालेतील एकवचन पाहू. पुल्लिंगी: प्रथमा ‘फीत्न’, द्वितीया ‘फीनान’, चतुर्थी ‘फीनुम’, षष्ठी ‘फीन्स’. स्त्रीलिंगी: ‘फीन’, ‘फीना’, ‘फीत्नी’, ‘फीत्नार’. नपुंसकलिंगी: प्रथमा व द्वितीया ‘फीन्त’, चतुर्थी ‘फीनु’, षष्ठी ‘फीन्स’. पहिल्या रूपातील ‘त’ पाहून दचकू नये. लेखनात तेथे दोन ‘न’ आहेत, आणि दीर्घ स्वरचिन्हानंतरच्या जोड ‘न’चा उच्चार आइसलँडिकमध्ये ‘त्न’ असा होतो. त्यांपैकी दुसरा ‘न’ हा मुळात पुल्लिंगी प्रथमेचा ‘र’ प्रत्यय असून तो शेजारच्या ‘न’मध्ये मिसळला आहे. हा ‘र’ ज्या प्राचीन ‘स्’पासून आला, त्याच ‘स्’पासून संस्कृतमधील ‘देवः’चा विसर्ग आला आहे. फ्रान्समधून निघालेल्या विशेषणाला उत्तर अटलांटिकमधल्या बेटावर असा प्रत्यय चिकटावा, हे मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विलक्षण दृश्य वाटते.

पाचवी पायरी: तर-तम भाव तपासावा

या बाबतीत आपला शब्द सरळ आहे. इंग्रजीत ‘फाइनर, फाइनेस्ट’, डचमध्ये ‘फेइनर, फेइन्स्त’, स्वीडिशमध्ये ‘फीनारे, फीनास्त’, डॅनिशमध्ये ‘फीनेरे, फीनेस्त’. नॉर्वेजियनच्या दोन लेखनप्रमाणांपैकी बूकमोलमध्ये डॅनिशसारखी आणि नीनोर्स्कमध्ये स्वीडिशसारखी रूपे आहेत. लक्झेंबर्गिश मात्र तरभावासाठी प्रत्यय न लावता ‘मेइ’ हा स्वतंत्र शब्द आधी जोडते, जसे आपण ‘अधिक’ जोडतो.

जर्मनमध्ये एक सापळा आहे. ‘फाइनर’ हे तरभावाचेही रूप आहे, पुल्लिंगी प्रथमेचेही आणि स्त्रीलिंगी चतुर्थीचेही (‘मिट फाइनर झाइडे’, म्हणजे तलम रेशमाने). वाक्यातील जागा पाहूनच अर्थ लावावा. विधिविशेषणाला प्रत्यय लागत नाही हे ठाऊक असल्यामुळे ‘इस्ट फाइनर’ दिसले की तो तरभावच समजावा. नामापूर्वी तरभाव हवा असेल तर दोन्ही प्रत्यय लागतात आणि ‘आइन फाइनरर वाइन’ असे काहीसे अडखळणारे रूप तयार होते, पण तेच बरोबर असते.

‘कुर्त्स’ या जुन्या पाहुण्याचा तरभाव ‘क्युर्त्सर’ असा होतो, म्हणजे त्याचा स्वरही बदलतो. या स्वरबदलाला उमलाउट म्हणतात. नंतर आलेल्या ‘क्लार’ (स्पष्ट) आणि ‘रुंट’ (गोल) या उसन्या विशेषणांत तो होत नाही. मात्र अनेक देशी विशेषणेही उमलाउट घेत नाहीत, म्हणून त्याच्या अभावावरून काही सिद्ध करू नये. तो असेल तर शब्द चांगला मुरला आहे, एवढेच म्हणावे.

सहावी पायरी: न बदलणारी उसनी विशेषणे वेगळी काढावीत

प्रत्येक उसने विशेषण प्रत्यय स्वीकारतेच असे नाही. जर्मनमधील ‘रोझा’ (गुलाबी) आणि ‘लीला’ (जांभळा) ही विशेषणे प्रमाण भाषेत अविकारी आहेत: ‘आइन रोझा क्लाइट’, म्हणजे गुलाबी पोशाख. बोलण्यात लोक मध्ये ‘न’ घालून ‘रोझानेस’ असे रूप करतात, परंतु परीक्षेच्या कागदावर ते लिहू नये. अंगाच्या शेवटी पूर्ण ‘आ’ असल्यामुळे ‘ए’ने सुरू होणारे जर्मन प्रत्यय तेथे नीट बसत नाहीत, हे त्याचे एक कारण आहे. ‘लीला’ हा शब्द फ्रेंच, अरबी आणि फारसी अशा वाटेने मागे नेला तर संस्कृत ‘नील’पर्यंत पोहोचतो. म्हणजे एकाच मुळातून आलेला आपला ‘निळा’ लिंगवचनानुसार बदलतो आणि जर्मन ‘लीला’ जागचा हलत नाही.

स्वीडिश आणि नॉर्वेजियनमधील ‘ब्रा’ (चांगला) हे याहून बोधप्रद उदाहरण आहे. इटालियन ‘ब्राव्हो’वरून फ्रेंच ‘ब्राव्ह’ झाले, तेथून ते जर्मनमध्ये ‘ब्राफ’, डचमध्ये ‘ब्राफ’ आणि इंग्रजीत ‘ब्रेव्ह’ असे पसरले. जर्मन आणि डचमध्ये ते प्रत्यय घेऊन नीट चालते. स्वीडिशमध्ये मात्र शेवटचे व्यंजन गळून ‘ब्रा’ उरले आणि ते अविकारी झाले: ‘एन ब्रा बील, एत्त ब्रा हूस, ब्रा हूस’. त्याचा तरभावही स्वतःचा नाही, तो ‘बेत्रे’ आणि ‘बेस्त’ असा देशी शब्दाकडून घेतलेला आहे.

मराठीच्या सवयीने येथे एक चुकीचा निष्कर्ष निघण्याचा धोका असतो. मराठीत विशेषण विकारी आहे की नाही हे त्याच्या शेवटच्या स्वरावर ठरते, उगमावर नाही. फारसीतून आलेला ‘ताजा’ आकारान्त असल्यामुळे ‘ताजी भाजी, ताजे दूध, ताज्या माशाला’ असा सहज चालतो, अरबी ‘गरीब’ बदलत नाही, आणि संस्कृत ‘सुंदर’ही बदलत नाही. त्यामुळे मराठीतील अविकारीपणा परकेपणाची खूण ठरत नाही. जर्मनमध्ये मात्र नामापूर्वी येऊनही न बदलणारे विशेषण दिसले की ते उसने असण्याची शक्यता बरीच मोठी असते. शहरांच्या नावांवरून झालेली ‘बर्लिनर’सारखी विशेषणे हा तेथील ठळक देशी अपवाद होय.

सातवी पायरी: अर्थ प्रत्येक भाषेत नव्याने पाहावा

रूप जुळले म्हणून अर्थ जुळतोच असे नाही, आणि येथे इंग्रजीवर विसंबणे सर्वांत धोक्याचे असते. जर्मन ‘फाइन’चा मुख्य अर्थ बारीक, तलम, नाजूक किंवा उच्च दर्जाचा असा आहे. बारीक दळलेल्या पिठाला ते लागते, आणि हवेतील सूक्ष्म धूलिकणांना ‘फाइनश्टाउब’ म्हणतात. ‘मी बरा आहे’ यासाठी ते वापरत नाहीत. अलीकडे ‘मला चालेल’ या अर्थाने ‘इख बिन फाइन दामिट’ असे तरुणांच्या बोलण्यात ऐकू येते, ते इंग्रजीच्या अनुकरणाने, आणि औपचारिक लेखनात ते टाळावे. डचमध्ये ‘सुखद’ हा अर्थ पुढे आला आहे, म्हणून निरोप घेताना ‘फेइने दाख’ म्हणतात. जुन्या डच वापरात कडव्या धर्मनिष्ठ प्रोटेस्टंटांना ‘दे फेइनेन’ म्हणत, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. स्वीडिशमध्ये सुंदर, छान, चांगल्या प्रतीचा असे अर्थ आहेत, आणि हवामान चांगले असले तरी तेच विशेषण चालते.

अर्थ निश्चित करण्यासाठी विरुद्धार्थी शब्द शोधण्याची सवय लावावी. जर्मन ‘ग्रोप’, डच ‘ख्रोफ’, स्वीडिश ‘ग्रूव’ म्हणजे जाडाभरडा. हा विरोध ज्या वाक्यात बसतो तेथे ‘बारीक’ हा अर्थ घ्यावा.

आठवी पायरी: कोश उघडावेत आणि पुढचा शब्द घ्यावा

जर्मनसाठी ग्रिम बंधूंचा कोश आता संगणकावर मोफत पाहता येतो. त्याचा पहिला खंड 1854 साली निघाला आणि काम 1961 साली पूर्ण झाले. याकोप ग्रिम 1863 साली वारले तेव्हा ते ‘फ्रुख्ट’ या नोंदीपर्यंत आले होते, त्यामुळे ‘फाइन’ची नोंद त्यांच्या हयातीतील आहे. डचसाठी 1864 ते 1998 या काळात सिद्ध झालेला मोठा ऐतिहासिक कोश आणि स्वीडिशसाठी 2023 साली पूर्ण झालेला स्वीडिश अकादमीचा कोश वापरावा. आइसलँडिकची सर्व रूपे आउर्नी माग्नूसॉन संस्थेच्या रूपसंग्रहात मिळतात. नवशिक्याला अडवतात ते संक्षेप: जर्मन कोशांत ‘एमएचडी’ म्हणजे मध्य उच्च जर्मन, ‘एमएनडी’ म्हणजे मध्य निम्न जर्मन, आणि शब्दाआधीची तारका म्हणजे ते रूप कोठे लिहिलेले सापडलेले नसून अनुमानाने मांडलेले आहे. मराठीच्या बाजूने असाच सराव करायचा असेल तर मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची आवृत्ती घ्यावी, कारण तीत शब्दांच्या उगमाच्या खुणा दिलेल्या आहेत.

सरावासाठी लॅटिन ‘फाल्सुस’वरून आलेले विशेषण घ्यावे. जर्मन ‘फाल्श’, डच ‘व्हाल्स’, स्वीडिश ‘फाल्स्क’, इंग्रजी ‘फॉल्स’, आइसलँडिक ‘फाल्स्कुर’ अशी त्याची रूपे आहेत. पहिल्या पायरीवर ते लगेच उसने ठरेल, पण डचमध्ये त्याला देशी शब्दांप्रमाणे आरंभी ‘व्ही’ आहे, तेव्हा ‘फेइन’पेक्षा तेथे ते अधिक रुळलेले दिसते. आइसलँडिकमध्ये त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘फोल्स्क’सारखे होते आणि लेखनात ‘अ’च्या जागी दोन टिंबांचा ‘ओ’ येतो. मूळ स्वराचा हा बदल आइसलँडिकच्या देशी विशेषणांतही असाच होतो. त्यामुळे वाचताना ‘फोल्स्क’ किंवा ‘फोल्स्कुम’ भेटले आणि कोशात त्याची नोंद सापडली नाही, तर स्वर मागे नेऊन पुल्लिंगी प्रथमेचे ‘फाल्स्कुर’ शोधावे, कारण कोशातील नोंद त्याच रूपाखाली असते.